एकच शॉट

"वहिनी, आणि मी पडले तर?"

"पडतेस कशाला? मांडी घाल, डोळे मीट. त्या जॅकेटात पोटाला भोपळा बांधल्यागत दिसतेस. काढ बघू!"

नणंद खिदळली. वहिनीचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नव्हता. पोहता येत नसतानाही तिनं ते केशरी लाइफ जॅकेट उतरवलं आणि शेजारच्या कयाकमध्ये, तसल्याच चिंचोळ्या होडीत बसलेल्या वहिनीकडं भिरकावलं. वहिनीच्या अंगात स्वतःचं जॅकेट होतंच. ती कुठं चित्रात येणार होती!

ही वहिनी म्हणजे आमची योगाबाई. गॅरेजवरच्या खोलीत बायकांचा वर्ग घेते. समोर काचेचं जिम झालं तशा बायका गळायला लागल्या, आणि बाईनं तलावावर व्हिडिओ काढायचं मनावर घेतलं. पाण्यावर डुलणारी कयाक, तिच्यात योगासनं. स्वतःची कंबर सुटलेली, म्हणून नणंद पुढं.

आभाळाचा मात्र काडीचा भरवसा नव्हता. ऊन पडलं की शॉट, ढग आला की बोंब. सकाळी काठाशी, गुडघाभर पाण्यात घेतलेल्या शॉटमध्ये जॅकेट नव्हतं. आता तलावाच्या मधोमध त्याला जुळणारा शॉट हवा होता. धक्क्यावरून कॅमेरावाला ओरडला, "बाई, वारा फिरलाय. पुरे आज!"

"एकच! ऊन आहे तोवर!"

नणंदेनं डोक्यावर हात जोडले आणि वारा आडवा आला. कयाक उलटली. डोकं एकदा वर आलं, पुन्हा खाली गेलं. आणि बाईच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कॅमेरा बंद कर!"

कॅमेरावाल्यानं कॅमेरा तसाच टाकून उडी मारली. त्यानंच पोरीला ओढून काढलं. बाईचं वल्हं हातातच राहिलं.

घरी सासूनं बाईच्या पाठीवरून हात फिरवला. "पोरगी म्हणाली, वहिनी होती म्हणून वाचले."

नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी मिटलं असतं. पण तो हात बाईला सोसेना. "आई, जॅकेट मीच काढायला लावलं. वाचवलं कॅमेरावाल्यानं. मी नाही."

सासूचा हात पाठीवरून निघाला. ती कपबशा विसळत राहिली, धुतलेल्याच पुन्हा धुतल्या. मग पाठमोरीच म्हणाली, "दूध तापलंय. तिला नेऊन दे."

नणंद पांघरूण लपेटून बसली होती. "सांगितलंस कशाला? आता आई मला बादलीजवळही फिरकू देणार नाही." हसली. मग पेल्यात बघत म्हणाली, "वहिनी, ते कॅमेऱ्याचं... मला ऐकू आलं होतं गं."

बाईनं घसरलेलं पांघरूण तिच्या खांद्यावर सारखं केलं. नणंदेनं दूध संपवून पेला तिच्या हातात दिला.

संध्याकाळी वर्ग होता. बाई जिना चढली, खिडक्या उघडल्या, केर काढला. जेमतेम अर्ध्या बायका आल्या.

"बाई, व्हिडिओ कधी दाखवताय?" एकीनं विचारलं.

"नाही झाला," बाई खाली बघत म्हणाली. "चला, चटया टाका."