पिवळ्या विटांचं घर, मागच्या दाराने

पिवळ्या विटांच्या घरात कोरिन व्लासाक पहिल्यांदा शिरली ती पुढच्या दाराने, पांढऱ्या सँडल घालून. दुसऱ्यांदा शिरली ती मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून, पायात रबरी बूट. मध्ये एक वर्ष गेलं होतं.

नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, साखरेच्या बीटच्या शेतांमध्ये एक गाव आहे, तिथली ही मुलगी. शाळेत तिच्या वर्गात चौदा जण होते. विद्यापीठात आली तेव्हा वसतिगृहात एकट्या तिच्या मजल्यावर त्याच्या चौपट मुली होत्या. खोलीत सोबतीला शेल्बी क्रांट्झ. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आधीचा आठवडा सोरॉरिट्यांचा असतो. मुलींची ही मंडळं आपापल्या घरांची दारं उघडतात आणि नव्या मुली पारखतात. शेल्बीला जायचं होतं, पण एकटीला धीर होत नव्हता.

"चल ना गं. नुसतं बघायला."

"बघायला काय आहे? टाळ्या वाजवणाऱ्या बायका?"

"लिंबूसरबत फुकट असतं."

कोरिन गेली. पाच दिवसांत अकरा घरं. दारात साठ-सत्तर मुली एकाच रंगाच्या कपड्यांत टाळ्यांच्या तालावर गात उभ्या राहतात. मग एकजण तुमचा हात धरून आत नेते, सात मिनिटं बोलते, दुसरी येऊन खांद्याला बोट लावते, पहिली उठते. रोज संध्याकाळी घरं काही मुली गाळतात आणि मुली काही घरं. पिवळ्या विटांच्या घरात कोरिनला एक मुलगी भेटली जिने तिला बीटच्या कारखान्याच्या वासाबद्दल खरोखर प्रश्न विचारले. दुसरी आली, खांद्याला बोट लागलं, तरी पहिली उठेना. तिथून कोरिन बाहेर आली ती थट्टा विसरून.

शेवटच्या संध्याकाळी प्रत्येकीपुढे एक कार्ड येतं. राहिलेल्या दोन घरांची नावं पसंतीच्या क्रमाने लिहायची, सही करायची. दोन्ही लिहा, हे इथल्या शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. पहिल्या घराच्या यादीत नाव खाली राहिलं तर दुसरं घर घेतं. एकच लिहिलं आणि तिथे जागा नसली, तर खेळ संपला. कोरिनने एकच नाव लिहिलं.

कार्डं गोळा करणाऱ्या मुलीने ते तिला परत दिलं. "एक ओळ राहिली तुझी."

"राहिली नाही. ते दुसरं घर मला आवडलं नाही."

"आवडायला कशाला हवं? लिही फक्त."

"आवडलं नाही तर लिहू कशाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सातशेच्या आसपास मुली हिरवळीवर बसून एकाच वेळी पाकिटं फोडतात, किंचाळतात आणि आपापल्या घरांकडे पळत सुटतात. कोरिनला सकाळी नऊला फोन आला, की तिने यायची गरज नाही. बोलणारी मुलगी फार नीट बोलली. शेल्बीला तिच्या दुसऱ्या पसंतीचं घर मिळालं. आठवड्याभरात ती, पहिली पसंती कोणती होती तेच विसरली.

त्या वर्षी कोरिनने सोरॉरिट्यांची नक्कल बसवली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी टर्की कापून झाल्यावर तिने खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवत बटाट्यांचं स्वागत केलं. आजोबांनी दोनदा करायला लावलं. तिची आई डेनिस शाळेची बस चालवते; ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "कोंबड्या," असं कोरिन त्यांना म्हणायची. विकतच्या मैत्रिणी करणाऱ्या कोंबड्या. ऐकणाऱ्याला वाटावं, हिने कधी त्या दारात पाऊलच टाकलं नसेल.

पुढच्या ऑगस्टला सूचना फलकावर चिठ्ठी होती: सोरॉरिटीच्या घरी स्वयंपाकघरात मदतीला कोणी हवं, दोन वेळचं जेवण मिळेल. घराचं नाव नव्हतं. फोन उचलला तो आर्डिथ पोलमन यांनी. त्या बावीस वर्षं त्या घरच्या स्वयंपाकीण. पत्ता पिवळ्या विटांच्या घराचाच निघाला.

"आहेस ना गं? मोठी पातेली उचलता येतात?"

"वासरं उचललीत मी."

"वासराला पाय असतात धरायला. पातेलं गरम असतं. उद्या साडेदहाला ये. मागच्या दाराने."

का गेलीस, असं नंतर तिला बऱ्याच जणींनी विचारलं, मीसुद्धा. तिचं उत्तर ठरलेलं होतं: वसतिगृहातलं जेवण एकदा खाऊन बघा. हे अर्धंच खरं असावं. गाळलेल्या माणसाला आतलं बघायचं असतंच.

आतलं तिला दिसलं ते सत्तर ताटांच्या उंचीवरून. सकाळी सातला पारोशा चेहऱ्याने येणाऱ्या मुली, एक मोजा पायात आणि एक हातात. सोमवारी सगळ्यांनी नीट कपडे घालून एकत्र जेवायचा दंडक, आणि त्या जेवणात नॅपकिन निळे की पांढरे यावर चाललेली पाऊण तासाची चर्चा. एका समारंभाला चुकीच्या गुलाबी रंगाचा स्कर्ट आणला म्हणून एकीला रडवलं, तेही तिने भांडी घासता घासता ऐकलं. दुसरी कोणी असती तर नकलेला नवा माल मिळाला म्हणून खूश झाली असती. कोरिनही झाली, सुरुवातीला.

पण फ्रीजच्या दारावर एक कागद असे. ज्यांना जेवायच्या वेळेला यायला जमणार नाही त्यांची नावं त्यावर. त्यांचं ताट झाकून, वर नावाची पट्टी चिकटवून ठेवायचं. ताटं झाकायचं काम कोरिनचं. ऑक्टोबरमध्ये कधीतरी तिच्या लक्षात आलं, की त्या कागदावर कोणीच स्वतःचं नाव लिहीत नाही. अक्षर नेहमी दुसरीचं. कुणाची प्रयोगशाळा लांबली, कुणाला ताप आहे, कुणी सकाळपासून खोलीबाहेर आलेली नाही, हे शेजारच्या खोलीतली खाली येऊन लिहून जाई. जिला स्कर्टवरून रडवलं तिचं नाव त्या रात्री तीन वेगळ्या अक्षरांत तीनदा होतं. त्यातलं एक अक्षर रडवणारीचं.

"तीन ताटं लावू?" कोरिनने विचारलं.

"एक लाव," आर्डिथबाई म्हणाल्या. "त्यांना मोजता येत नाही, एवढंच."

थँक्सगिव्हिंगला त्या वर्षी आजोबांनी नक्कल कर म्हटलं, तेव्हा तिने केली, पण खुर्चीवर चढली नाही. "जमली नाही यंदा," आजोबा म्हणाले. डेनिसने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि रस्सा पुढे केला.

डिसेंबरात काही जणी पदवी घेऊन गेल्या, दोघी विद्यापीठ बदलून गेल्या, आणि जानेवारीत पिवळ्या विटांच्या घरात नऊ जागा रिकाम्या झाल्या. अशा जागा भरायला टाळ्यांचा आठवडा लागत नाही. घर थेट विचारू शकतं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मारेन स्टोल्ट्झ, त्या वर्षीची उपाध्यक्षा, उष्ट्या ताटांच्या खिडकीतून डोकावली. बीटच्या कारखान्याबद्दल विचारणारी, खांद्याला बोट लागूनही न उठणारी, ती हीच.

"हात ओले आहेत का?"

"दिसत नाहीत?"

"मग वाचून दाखवते." तिने हातातलं कार्ड वाचलं. घराला कोरिन सदस्य म्हणून हवी होती. शुक्रवारपर्यंत उत्तर.

कोरिनने नळ बंद केला. "जागा भरत नाहीत म्हणून?"

"हो," मारेन म्हणाली. "जागा भरत नाहीत म्हणून. शिवाय तुला सगळ्या ओळखतात. मागच्या वेळी एकटी मी ओळखत होते."

"मागच्या वेळी मी कितवी होते?"

"सांगायचं नसतं."

"मारेन."

"जागा संपल्या त्या रेघेखाली चौदावी. मी भांडले होते. पण मी तेव्हा नवी होते, माझं कोण ऐकतंय?" ती जायला वळली आणि थांबली. "नाही म्हणालीस तरी आपलं काही बिघडणार नाही. पण सोमवारी तू आत उभ्याने जेवतेस आणि मी बाहेर बसून, हे मला विचित्र वाटतं."

अडचण वेगळीच निघाली. घराचा जुना नियम होता: सदस्याने त्याच घरात नोकरी करायची नाही. जी टेबलावर बसते तिने टेबल पुसायचं नाही. हो म्हटलं तर कोरिनला त्याच दिवशी स्वयंपाकघर सोडावं लागणार होतं. आणि तिने आर्डिथबाईंना मे अखेरपर्यंतचा शब्द दिला होता. एप्रिलमध्ये आयांचा शनिवार-रविवार येतो. मुलींच्या आया जेवायला येतात, दीडशेच्या वर पानं उठतात. आर्डिथबाईंचा गुडघा जानेवारीपासून धरला होता. उन्हाळ्यानंतर बघू म्हणावं, तर हे कार्ड तेव्हा चालणार नव्हतं; पुन्हा पांढऱ्या सँडल, पुन्हा अकरा दारं.

बुधवारी तिने घरी फोन केला.

"कोंबड्यांत जायचंय?" डेनिसने विचारलं.

"आई, प्लीज."

"नाही, मी फक्त विचारतेय. म्हणजे अंडी कुठे घालणार ते आजोबांना सांगता येईल."

"तू थट्टा करणार असशील तर ठेवते मी."

"थट्टा तूच शिकवलीस की. बरं, सांग. आवडतात का तुला त्या?"

कोरिनने विचार केला. "सगळ्या नाही. दहा-बारा आवडतात. दोघी अजिबात नाही."

"माझ्या बसमधली पोरंसुद्धा इतकी आवडत नाहीत मला. मग अडलंय कुठे?"

"आर्डिथबाईंना काय सांगू?"

"ते मला नको विचारूस. त्यांना विचार."

गुरुवारी तिने कांदे सोलताना विषय काढला. नाही म्हणायचं तिने मनाशी जवळजवळ पक्कं केलं होतं. दिलेला शब्द मोडून कुठे बसलो तर ते जेवण उतरणार नाही, असं ती मला नंतर म्हणाली. आर्डिथबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्यासाठी थांबतेस."

"तुमचा गुडघा..."

"माझ्या गुडघ्याला सोरॉरिटीत बोलावलेलं नाही. बावीस वर्षांत इथून सत्तावीस मदतनीस गेले. एक तर पातेल्यासकट गेला. कुणासाठी जेवण थांबलं नाही." त्यांनी सुरी खाली ठेवली. "आणि उद्या मला ऐकवशील, तुमच्यापायी मी राहिले. ते ऐकायचं नाही मला. तुला मी कामावरून काढलं."

"काय?"

"काढलं. कांदे जाळतेस, सांगितलेलं ऐकत नाहीस. आता तू शब्द मोडला नाहीस, मीच मोडला. तेवढे कांदे संपव आणि जा."

शुक्रवारी कोरिनने कार्डावर सही केली. पहिल्या सोमवारी ती नीट कपडे घालून बाहेर बसली, आणि जेवण झाल्यावर सवयीने चार जणींची ताटं एकात एक घालून उठली. तिला ओरडून खाली बसवण्यात आलं. नॅपकिनच्या चर्चेत तिने निळ्याच्या बाजूने मत दिलं. पांढऱ्यांवरचे डाग निघत नाहीत, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. कोंबड्या म्हणत वर्षभर चुकीचं बोललीस का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही, बरंचसं बरोबरच होतं. फक्त त्यात एवढंच नव्हतं."

एप्रिलमध्ये डेनिस सहा तास गाडी चालवून आली. अंगात निळा ड्रेस, इस्टरला घालायचा. टेबलावर मारेनच्या आईशेजारी बसली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, सॅलड संपवलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. आर्डिथबाईंना नवी मदतनीस मिळाली होती, पण ती आठवड्यापूर्वीच आली होती आणि पानं दीडशे. डेनिसने दोनदा दाराकडे पाहिलं, मग "हात धुवून येते" म्हणून उठली. वीस मिनिटं परत आली नाही.

कोरिन बघायला गेली. डेनिस इस्टरच्या ड्रेसवर कमरेला एप्रन बांधून ताटं पुसत होती. आर्डिथबाई स्टुलावर बसून, गुडघा लांब करून, गोड ॲपल-पायचे तुकडे कापत होत्या. दोघी बसमधल्या मुलांबद्दल बोलत होत्या आणि आर्डिथबाई हसत होत्या, जे कोरिनने सहा महिन्यांत दोनदाच पाहिलं होतं.

"आई! काय करतेयस?"

"तिकडे बसून पाठ धरली माझी. त्या बाई कुत्र्याच्या दातांबद्दल बोलतायत."

"पण नियम आहे..."

"सदस्यांना आहे," आर्डिथबाई म्हणाल्या. "आयांना नाही. मी बघितलंय. तू मात्र उंबऱ्याच्या आत आलीयेस."

कोरिनने खाली पाहिलं. ती खरोखरच एक पाऊल आत होती. तिने हात पुढे केला. आर्डिथबाईंनी त्यावर ॲपल-पायच्या चार बशांचा ट्रे ठेवला.

"हे बाहेर ने. नेणं म्हणजे काम नाही, ते वाढणं आहे. त्या कुत्रेवाल्या बाईंना मोठा तुकडा दे, तोंड भरलेलं राहील."

ती ट्रे घेऊन बाहेर गेली, बशा वाटल्या, आणि आईच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून आपला तुकडा खाल्ला.