खरेदीपर्यंत पोचलेले शब्द

इंटरनेटवर दुसऱ्यांच्या वस्तूंच्या जाहिराती लावणं हा माझा धंदा. माझ्या जाहिरातीवरून कुणी वस्तू घेतली की मला कमिशन मिळतं. सध्या मनगटावर बांधायचं एक यंत्र विकतोय. झोपेत श्वास अडला की ते वाजतं. सकाळी चहा घेता घेता मी रोज बघतो, लोकांनी काय लिहून शोधलं आणि त्यातल्या कोणत्या शब्दांवरून खरेदी झाली. त्या शब्दांवर जाहिरातीचे जास्त पैसे लावतो, बाकीचे शब्द काढून टाकतो.

‘घोरण्यावर उपाय’ शोधणारे नुसते बघून जातात. घाबरलेला माणूस मात्र घेतो. तो शब्द निवडत बसत नाही, देवापुढे बोलावं तसं सगळं लिहून टाकतो. कुणाच्या तरी घरातली भीती अशी माझ्या पडद्यावर येते. तिला नाव नसतं, चेहरा नसतो.

आज एका खरेदीसमोर लिहिलं होतं, ‘नवरा झोपेत श्वास घ्यायचा थांबतो, मी हलवून उठवते’. शेजारी आमच्या गावाचं नाव. सवयीनं मी त्या वाक्यावर लावायचे पैसे वाढवायला गेलो आणि बोट तिथंच राहिलं. गावात घरं पुष्कळ आहेत, नवरेही पुष्कळ, असं मी स्वतःला समजावलं. पण हल्ली पहाटे जाग येते तेव्हा माझ्या खांद्यावर हिचा हात असतो. मला ती माया वाटायची.

“अहो,” स्वयंपाकघरातून ही म्हणाली, “माझं एक पार्सल यायचंय. तुम्ही फोडू नका.”

“बरं,” मी म्हणालो, आणि पुढचा श्वास लक्ष ठेवून घेतला.