पाटीतला ट

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीराव म्हणत. तो छापखाना शाळेची पुस्तकं छापायचा आणि प्रत्येक पान छपाईला जाण्याआधी वेलांटीरावांच्या टेबलावर यायचं. तिथे ते लाल पेन घेऊन एकतीस वर्षं बसले होते. खालच्या मजल्यावरचं यंत्र बंद पडलं तर मेकॅनिक येईल, पण आपण एक दिवस आलो नाही तर पुढची अख्खी पिढी अशुद्ध निपजेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यामुळे रजा ते घेतच नसत. घरी बायको किराण्याची यादीसुद्धा त्यांच्या नजरेआड करायची. एकदा तिने "साबन" लिहिलं म्हणून यादी दुरुस्तीला परत आली होती आणि घर दोन दिवस साबणाविना राहिलं होतं.

अशा माणसावर मारामारीचा गुन्हा दाखल झाला, तोही दारू पिऊन भर चौकात केलेल्या मारामारीचा, हे ऐकून छापखान्यातल्या निम्म्या लोकांनी तोंडात बोटं घातली. उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, "कुठल्या शब्दावरून?"

शब्द होता शुद्ध.

वेलांटीरावांना दोस्त एकच, शेजारच्या गल्लीतला पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हातात जादू होती, शुद्धलेखन मात्र देवाच्या भरवशावर. त्या शनिवारी चौकातल्या पाणीवाल्याची नवी पाटी पुरी झाली, म्हणून पेंटर खुशीत वेलांटीरावांना बारमध्ये घेऊन गेला. वेलांटीराव वर्षातून दोनदा पीत. त्यामुळे त्यांना पिण्याची सवय नव्हती आणि थांबण्याचीही नव्हती. साडेसातच्या सुमाराला दोघं गळ्यात गळा घालून बाहेर पडले, चौकात आले आणि पेंटरने मोठ्या अभिमानाने वर बोट दाखवलं. हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, "शुध्द पाणी मिळेल."

वेलांटीराव बघतच राहिले. ध अर्धा आणि द पूर्ण. द आधी, ध नंतर, हे त्यांनी पेंटरला आजवर वीसेक वेळा सांगितलं होतं. आता एकविसाव्यांदा सांगितलं. पेंटर म्हणाला, लोक इथे पाणी प्यायला येतात, पाटी प्यायला नाही. एरवी वेलांटीराव मनातल्या मनात खूण करून घरी गेले असते, पण त्या संध्याकाळी त्यांची स्वतःचीच शुद्ध ठिकाणावर नव्हती. ते पाणीवाल्याच्या स्टुलावर चढले आणि किल्लीने ध खरवडू लागले. पेंटरने शर्ट धरून त्यांना खाली ओढलं. त्याबरोबर यांनी पेंटरच्या पिशवीतून रेघा मारायची लाकडी पट्टी उपसली आणि त्याच्या पाठीत दोन सणसणीत ठेवून दिल्या. पाण्याचे चार जार गडगडत रस्त्यावर गेले, वाहतूक अडली. पोलीस पोहोचले तेव्हा वेलांटीराव जमलेल्या गर्दीला जोडाक्षर समजावून सांगत होते.

दारूचं प्रकरण किरकोळ होतं, दंड भरून मिटलं असतं. पण मारहाण सिद्ध झाली की कामावरून काढायचं, असा छापखान्याचा नियम होता. तो नियम ज्या पुस्तिकेत होता, तिची तपासणी वेलांटीरावांनीच केली होती. त्यात पळवाट नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? निकाल लागेपर्यंत घरी बसा, असं व्यवस्थापकांनी सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता घरात होते आणि दुसरं काही नसल्यामुळे औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासत होते. नोकरी गेली तर आपण कोण, हा प्रश्न त्यांना नव्यानेच पडला होता. त्यांना मनापासून भीती वाटत होती.

वकील मात्र खुशीत आला. त्याने आरोपपत्र उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "आरोपीने मद्याच्या अमलाखाली फिर्यादीच्या पाटीवर लाकडी पट्टीने दोन वेळा प्रहार केला."

"पाठीवर," वेलांटीराव लगेच म्हणाले.

"पाटीवर," वकील म्हणाला. "हवालदाराने ठ च्या जागी ट काढला आणि तुमची नोकरी वाचली."

मग त्याने सगळं उलगडून सांगितलं. पेंटरचा धंदाच पाट्यांचा, तेव्हा वाक्यात खोट काढायला जागा नाही. खाली पेंटरने न वाचता सही ठोकलेली. डॉक्टरांच्या दाखल्यात नुसताच मुका मार, कुठे ते नाही. पाटीला मारणं म्हणजे मारहाण नव्हे. आणि पाणीवाल्याची तक्रारच नव्हती. उलट मारामारीची पाटी बघायला लोक येत होते आणि त्याचं पाणी खपत होतं. गुन्हा मान्य आहे का असं विचारतील, तेव्हा नाही म्हणा, वकिलाने बजावलं, त्यापुढे तोंडातून एक अक्षर काढू नका. बायकोने हे वाक्य त्यांच्याकडून रोज घोकून घेतलं.

कोर्टात पेंटर समोरच्या बाकावर होता. त्याला सरळ बसता येत नव्हतं. एका अंगावर कलून, कमरेला हात लावून बसला होता. अजून शिडीवर चढता येत नाही म्हणे, असं मागे कुणीतरी कुजबुजलं. वेलांटीरावांनी मान खाली घातली.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, गुन्हा मान्य आहे का. वेलांटीराव नाही म्हणाले. वकिलाच्या जिवात जीव आला. कारकुनाने आरोपाचा कागद पुढे सरकवला आणि सवयीने म्हणाला, "वाचून सही करा."

त्याच्या उभ्या नोकरीत हे ऐकून कुणी कागद वाचला नव्हता, आणि वेलांटीरावांनी त्यांच्या उभ्या नोकरीत न वाचता सही केली नव्हती. ते बसले, चष्मा पुसला, खिशातून लाल पेन काढलं. वकील पलीकडे दुसऱ्या वकिलाशी बोलण्यात गुंग होता. बघता बघता तीन ऱ्हस्वांचे दीर्घ झाले, दोन अनुस्वार गेले, एक स्वल्पविराम आला. मग पेन पाटीपाशी येऊन थांबलं. हा ट असाच राहिला तर सोमवारी आपण आपल्या टेबलाशी असू, हे त्यांना पुरतं कळत होतं. त्यांनी मान वर करून एकदा पेंटरकडे पाहिलं. मग ट वर बारीक काट मारली, समासात ठ लिहिला, सही केली आणि कागद परत दिला. तोंडातून त्यांनी एक अक्षरही काढलं नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी आधी कागद पाहिला, मग वेलांटीरावांना. वकिलाच्या तोंडचं पाणी पळालं. तो धडपडत उठला आणि सांगू लागला की अशील पेशाने मुद्रितशोधक आहे, हाताला वळण आहे, ही दुरुस्ती भाषेची आहे, घटनेची नाही. बाईंनी हातानेच त्याला बसवलं.

"मी भाषेचंच विचारते," त्या म्हणाल्या. "इथे बरोबर काय? पाटीवर की पाठीवर?"

मागच्या बाकावर बायकोने डोळे मिटून घेतले.

"पाठीवर," वेलांटीराव म्हणाले. "पाटीला मी फक्त किल्ली लावली. पट्टीने याच्या पाठीत मारलं, दोनदा. दोस्त आहे तो माझा."

शिक्षा हलकी होती. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायचं. पेंटरचं काम संपलं होतं, तरी तो गेला नाही. पाच वाजेपर्यंत वेलांटीरावांच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला कलून बसून राहिला. घराचं कुलूप काढताना बायको म्हणाली, "आयुष्यात एक चूक सोडली असती तर काय बिघडलं असतं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

चार दिवसांनी छापखान्याचा म्हातारा शिपाई पत्र घेऊन आला. कामावरून काढल्याचं पत्र. पण छापखान्यातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद वेलांटीरावांच्या नजरेखालून जायचा अशी पद्धत होती, त्यामुळे याही पत्राला कोपऱ्यात तपासणीची चिठ्ठी टाचलेली होती. चिठ्ठी पाहून वेलांटीरावांचा चेहरा उजळला. अडलंच ना शेवटी आपल्यावाचून. त्यांनी बायकोला शिपायासाठी चहा ठेवायला सांगितलं आणि पेन उघडलं.

एकदा वाचलं. परत वाचलं. तिसऱ्यांदा ओळीखाली पोस्टकार्ड धरून, उलट्या क्रमाने एकेक शब्द वाचला. सगळे ऱ्हस्व जागेवर, दीर्घ जागेवर, एक टिंबसुद्धा इकडचं तिकडे नाही. चहा निवत चालला.

"कुणी लिहिलं हे?" त्यांनी विचारलं.

"साहेबांनीच," शिपाई म्हणाला. "तुम्ही नाहीत म्हटल्यावर सगळे आपापलं नीट बघून लिहितात आता. आधी काय, तुम्ही होतात ना बघायला."

वेलांटीरावांनी चिठ्ठीवर "चूक नाही" असं लिहिलं, खाली सही केली, घडी घातली आणि पत्र शिपायाला परत दिलं.

शिपायाने ते हळूच पुन्हा त्यांच्या हातात ठेवलं. "हे तुम्हालाच आलंय, राव," तो म्हणाला.