एक वाजेपर्यंतचा उपवास

माझं काम काय, हे लोकांना सांगायला अवघड जायचं. कलबुर्गीत काय करतेस असं कुणी विचारलं की मी म्हणायची, एका म्हाताऱ्या बाईंकडे असते. स्वयंपाक, साखरेच्या आजाराचं इंजेक्शन, दवाखाना हे सगळं होतंच. पण त्यातलं खरं काम म्हणजे रोज सकाळी पाव तास अव्वांचा डावा हात खालून धरून बसणं.

अव्वा लिंगायत. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि ती होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. अर्धांगाचा हलका झटका येऊन गेल्यापासून तो हात थरथरायचा. वर पाणी घातलं की लिंग घसरायला बघायचं. म्हणून मी त्यांच्या मनगटाखाली माझा पंजा लावायची. आमच्या संतपूरच्या घरात असलं काही नव्हतं. आमच्याकडं डोळे उघडले की चहा. पहिल्याच दिवशी मी कपबशी घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले, तर त्या हसल्या. गळ्यातल्या, लिंग ठेवायच्या चांदीच्या करडगीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आधी ह्याला, मग मला."

मी भीत भीत विचारलं, "मी धरलेलं चालतंय का अव्वा? माझ्या गळ्यात लिंग न्हाई."

"हात धरायलीस न्हवं? हाताला काय विचारायचं?"

त्यांचं माहेर बसवकल्याणचं. लग्न होऊन कलबुर्गीच्या कन्नड घरात आल्या आणि त्यांची मराठी मनातच राहिली. मुलगा बंगळूरला. मी त्यांना अण्णा म्हणायची. अण्णा म्हणायचे, मराठीत भांडायला माणूस मिळालं म्हणून आईनं हिला ठेवून घेतलंय.

माझी शाळा सातवीत सुटली. गावात मराठी शाळा तेवढीच होती, पुढं तालुक्याला जाऊन कन्नडातनं शिकायचं, आणि बाप म्हणाला, एवढं बस झालं. मलाही तेव्हा बरंच वाटलं, हे खोटं कशाला बोलू. पुढं आठ वर्षांनी अव्वांनी मला रोजच्या वर्तमानपत्रावर बोट ठेवून कन्नड वाचायला लावलं. अक्षर चुकलं की हातावर चापट. बाहेरून दहावीला बसले, पहिल्या खेपेला गणितात नापास. दुसऱ्या खेपेला निघाले. मग बारावी. आणि सव्विसाव्या वर्षी बीएच्या पहिल्या वर्षाला मला प्रवेश मिळाला, तेव्हा अव्वा दारात उभ्या राहून भाजीवाल्यालासुद्धा सांगत होत्या, "हमारी बच्ची कालेज को जारी!"

कॉलेज सकाळी आठ ते साडेबारा. पूजा साडेआठला; झटक्यापासून त्याआधी अव्वांचं आवरून होत नव्हतं.

काम ठेवायचं की सोडायचं, हा प्रश्न तिथून सुरू झाला. राहायला मी अव्वांच्याच मागच्या खोलीत होते. आईला फोन केला तर ती म्हणाली, "दोन्ही धर. ज्या घरानं उभं केलं ते सोडतीस व्हय?" अण्णांनी तोड काढली. सकाळी गल्लीतल्याच एक बाई येतील, नाष्टा, इंजेक्शन आणि पूजा बघतील, दुपारी एकपासून मी. त्या बाई लिंगायतच होत्या, शांत, नीटनेटक्या, माझ्यापेक्षा पूजेतलं जास्त कळणाऱ्या. मी त्यांना अक्का म्हणायला लागले. मला वाटलं, सगळ्यांचंच भलं झालं.

तीन आठवडे भलं झालं असंच मी समजत होते. एक वाजता मी धापा टाकत यायची. अव्वा म्हणायच्या, "काय शिकीवलं आज?" आणि मी सांगेपर्यंत त्यांनी पूजेची तयारी करून ठेवलेली असायची. मी म्हणायची, सकाळी झाली न्हवं पूजा? तर म्हणायच्या, "झाली की. दुपारची बी करावी वाटायलीय आता. वय झालं." मी हात धरायची. मग त्या जेवायच्या, आणि दोन भाकरी चुरून खायच्या. मी मनात म्हणायची, भूक वाढली, तब्येत सुधारली. एवढी मी अडाणी.

मागून कळलं, अक्कांना त्या रोज सांगत होत्या, पूजा मी एकटीनं उरकली, तू जा. साखरेचं इंजेक्शन जेवताना घेते. आणि अक्का नाष्टा झाकून ठेवून जात होत्या. तो नाष्टा मागच्या दारच्या गाईला.

चौथ्या आठवड्यात अण्णांनी फोनवर अक्कांना दटावलं की इंजेक्शन वेळेवर झालंच पाहिजे. अक्कांनी आपलं काम चोख केलं. त्या दिवशी आठ वाजता इंजेक्शन दिलं, उपमा वाढून समोर ठेवला आणि गेल्या.

मी एक वाजता दार ढकललं. अव्वा पाटावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, लुगडं घामानं भिजलेलं. समोर ताम्हणात बेलपत्री तशीच, वात कोरडी. उपम्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा आलेला. मी हाक मारली तर "बा" म्हणाल्या, ये म्हणून, आणि डावा हात पुढं केला. तो हात बर्फासारखा गार. तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एकदम लागलं. इंजेक्शन घेतलेलं, पोटात काही नाही, साखर उतरली होती.

मी धावत साखर आणली. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"अव्वा, तोंड उघडा."

त्यांनी मान हलवली. लिंग असलेली मूठ छातीशी धरली.

"पूजा मागून करू. अव्वा, पाया पडते."

पाव तास हात धरून बसायला वेळ नव्हता. मी त्यांचा जबडा दाबला आणि साखर जिभेखाली घातली. बोटानं घातली. अर्ध्या तासात त्या भानावर आल्या, शेजारच्यांनी रिक्षा आणली, दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अव्वा म्हणाल्या, "साठ वर्षांत एकदा बी चुकलं नव्हतं."

मी म्हटलं, "माझ्यामुळं चुकलं."



अण्णा बंगळूरहून आले होते. त्यांनी मला अंगणात बोलावलं. खाली बघत म्हणाले, "कॉलेज सोड म्हणणार न्हाई मी. पण एक वर्ष थांबलीस तर? पुढच्या वर्षी बघू." चांगला माणूस. विचारतानाही त्यांना लाज वाटत होती. मी हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं होतं. कॉलेजात माझ्या बाकावर सतरा-अठराच्या मुली बसायच्या, सर काय सांगतात ते अर्धं कळायचं नाही. पण आतून अव्वांचा आवाज आला. त्यांनी ऐकलं होतं.

"कालेज सोडली तर ह्या घरात पाऊल ठेवू नको म्हणावं तिला."

मी आत गेले. "मग अक्कांना हात धरू द्या."

"ती घट्ट धरती."

"सांगा तिला, सैल धर म्हणून. मला न्हाई का शिकीवलं?"

"तू एकला येतीस की. थांबाया काय हुतंय मला?"

रात्रभर मला तेवढंच ऐकू येत होतं. मी एकला येते म्हणून त्या थांबतात. दोनला आले असते तर दोनपर्यंत थांबल्या असत्या. दोन्ही धरलं म्हणजे त्यांना रोज उपाशी ठेवलं. मी घरात आहे तोवर त्यांना दुसरा हात चालणार नव्हता, आणि हे त्यांनाही सांगून पटणार नव्हतं. सकाळी मी अण्णांना म्हटलं, मी मुलींच्या वसतिगृहात जागा बघते. आई फोनवर म्हणाली, "उपकार इसरलीस." तिला समजावत बसले नाही. गल्लीतही तेच बोललं गेलं, कॉलेजची हवा लागली म्हणून.

निघायच्या दिवशी मी तास चुकवला. पिशवी दाराशी ठेवून आत गेले. साडेआठ वाजले होते. अव्वा पाटावर, शेजारी अक्का. मी लांब उंबऱ्याजवळ उभी. अव्वांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. अगरबत्तीची राख पडली.

मग त्यांनी डावा हात अक्कांपुढं केला. अक्कांनी पंजा लावला, पाणी पडलं, आणि लिंग कडेला सरकलं. माझा पाय पुढं गेला होता. अव्वांनी उजव्या हातानं ते सावरलं.

"खालून," त्या अक्कांना म्हणाल्या, डोळे मिटूनच. "जरा खालून धर, बाई."

मी पिशवी उचलली. पूजा चालू असताना मध्ये बोलत नाहीत, म्हणून निरोप घ्यायचा राहिला, असं मी विचारणाऱ्यांना सांगते.