टाचणीमावशीने दोन सीटची गाडी घेतली

काम करताना मावशीच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या असायच्या, आणि त्या न काढताच ती गिऱ्हाइकाशी भांडायची. म्हणून सगळे तिला टाचणीमावशी म्हणत. माझ्या आईची ही थोरली बहीण. गाड्यांच्या सीट शिवायचं तिचं दुकान होतं. एका खोलीत दोन जाडजूड मशीनं, भिंतीला टेकवलेले लेदरचे गुंडाळे आणि मधोमध नेहमी कुणाच्या तरी गाडीची उपटून आणलेली सीट.

एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या गाड्यांमध्ये शिरून मापं घेतली. त्यातल्या स्पोर्ट्स कार तिच्या खास आवडीच्या. आत बसायचं, टेप लावायचा, उतरायचं. चालवायला मात्र मिळायची ती दुकानाची खडखडणारी व्हॅन. गेल्या महिन्यात तिने दुकान विकलं आणि आठवड्याभराने जेवताना जाहीर केलं, "मी दोन सीटची गाडी घेतेय. गिअरची. लवकर पळणारी."

तिच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या काकांचा, घास हातातच राहिला. "आणि सामान कुठे ठेवायचं?"

"कसलं सामान? आयुष्यभर सामानच वाहिलं की."

काका जन्मभर शाळेत गणित शिकवत आलेले. हे प्रमेय सुटणारं नाही हे त्यांनी ओळखलं आणि गुपचूप आमटी ओढून घेतली.

शनिवारी आम्ही तिघं पहिल्या शोरूममध्ये गेलो. फरशी इतकी चकचकीत की पाय टाकायची चोरी. टायवाला विक्रेता लगबगीने पुढे आला आणि थेट काकांसमोर उभा राहिला. "बोला साहेब, कोणती बघायची?"

काकांनी अंगठ्याने मावशीकडे दाखवलं. "मी नुसता सोबत आलोय. गाडी हिला घ्यायचीय."

विक्रेत्याने मावशीकडे प्रेमळपणे पाहिलं आणि तिला कोपऱ्यातल्या एका उंच, गुबगुबीत गाडीपाशी नेलं. "मॅडम, तुमच्यासाठी ही उत्तम. चढायला-उतरायला सोपी. गुडघ्यांना त्रास नाही."

"माझ्या गुडघ्यांनी तुमच्याकडे तक्रार केलीय का?" मावशी म्हणाली. "ती खिडकीजवळची हिरवी दाखवा. चालवून बघायचीय."

"ती फक्त सीरियस गिऱ्हाइकांना देतो, मॅडम."

"मग मी इथे हसायला आलेय का?"

त्याने एक रंगीत माहितीपत्रक दिलं, तेही काकांच्या हातात. आम्ही बाहेर पडलो. मावशीचे कान लाल झाले होते. पार्किंगमध्ये पोचताच ती म्हणाली, "दुसरं शोरूम किती लांब आहे?"

दुसऱ्या शोरूमची तऱ्हा उलटी. तिथला मॅनेजर स्वतः दार उघडून उभा, बोलण्यात साखरच साखर. तशीच गाडी त्याच्याकडेही होती, गडद निळी, जमिनीला चिकटून बसलेली. "ताई, तुमचं नशीब बघा! कालच आलीय. कोरी करकरीत. प्लॅस्टिकही आत्ताच काढलंय. संध्याकाळी एक गिऱ्हाईक येणार आहे, पण तुम्ही आता हो म्हणालात तर तुमची."

मावशी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी तिचा हात सवयीने सीटच्या कडेवरून फिरला, खाली गेला आणि थांबला. तिने मला जवळ बोलावलं. "मोबाईलचा दिवा धर इथे."

ती वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग उठून बसत मॅनेजरला म्हणाली, "ही सीट मी शिवलीय."

मॅनेजर मनापासून हसला. "ताई, सीट कारखान्यातून येते. मशीनचे टाके सगळे सारखेच दिसतात."

"तुम्हाला दिसत असतील. शिवण संपवताना मी तीन उलटे टाके घालते, तिरके. हे बघा. कुत्र्याने कोपरा कुरतडला होता. एक मेकॅनिक ही सीट चादरीत गुंडाळून घेऊन आला होता. चार दात तर फोममध्ये घुसले होते! त्या मेकॅनिकच्या भुवईत मधोमध खाच होती. तुमच्याकडे आहे का तसा कुणी?"

मॅनेजरचं हसू अर्ध्यावरच राहिलं. तो काही बोलणार तोच मागच्या वर्कशॉपचं दार उघडलं आणि हात पुसत भुवईत खाच असलेला एक माणूस बाहेर आला. मावशीला बघून त्याचा चेहरा फुलला. "अरे वा, मावशी! तुम्ही इकडे कुठे? ती सीट काय टिकलीय हो, वर्ष झालं तरी..."

मग त्याचं लक्ष मॅनेजरच्या चेहऱ्याकडे गेलं. त्याने हात पुसण्यावर एकाएकी फार मेहनत घ्यायला सुरुवात केली.

काका मला हळूच म्हणाले, "इति सिद्धम्."

खरं काय ते मग बाहेर आलं. गाडी गिऱ्हाइकांना चालवून दाखवण्यासाठी वर्षभर ठेवलेली होती. मॅनेजरने घाम पुसला. "ताई, कालच आली म्हणजे... आमच्या दुसऱ्या शाखेतून आली."

मला वाटलं, मावशी आता शोरूमची पायरी उतरून निघणार. ती म्हणाली, "किल्ली द्या."

मेकॅनिक शेजारी बसला आणि दोघं गेले. आम्ही काचेतून रस्त्याकडे बघत उभे. काकांनी पाऊण तासात तीन वेळा चष्मा पुसला. गाडी परत आली तेव्हा मावशीचे केस उभे राहिले होते आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

"घेतली," ती म्हणाली.

"अगं, पण वापरलेली आहे ना!" काका म्हणाले.

"मग? आपण दोघं काय कोरे आहोत?"

तिने एकच अट घातली. गाडी वापरलेली आहे, किती धावलीय, सीट का शिवावी लागली, सगळं कागदावर स्वच्छ लिहायचं आणि किंमतही वापरलेल्या गाडीचीच लावायची. मॅनेजरने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. लिहिताना त्याने विचारलं, "ताई, कुत्र्याचंही लिहू?"

"कुत्र्याचं आधी लिहा," मावशी म्हणाली.

आता शेजारपाजारच्या सगळ्याजणींना त्या गाडीतून एक फेरी हवी आहे, आणि एका वेळी एकीलाच नेता येतं. मावशीने फ्रिजवर यादी लावलीय. आई परवा जाऊन आली, हिसक्याने आखडलेल्या मानेला हात लावून अजून हसतेय. माझा नंबर गुरुवारी सकाळी आहे. मी ऑफिसात रजा टाकलीय.