पाण्याचा वैरी

समुद्राने वेढलेल्या या मुंबईत पाण्याशी उघड वैर धरून जगलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा साडू होता. परळच्या एका गिरणीच्या रंगखात्यात तो रसायनं तपासायचा. संप झाला, भोंगा थांबला, पण याचे हातपाय काही थांबेनात. लालबागच्या एका खोलीत त्याने सोडियमवर चालणारी बॅटरी करायला घेतली. तिच्या पोटात भरायचा द्रव हा त्याचा ध्यास. "सोडियमचा क्षार विरघळला पाहिजे, पण पाण्यात नाही, साडूभाऊ! पाण्याचा अंश शिरला की बॅटरी मेली," हे तो येरझारा घालत सांगायचा, आणि ऐकणाऱ्यालाही मागोमाग फिरावं लागायचं. द्रव ढवळायच्या दिवशी घरात भात शिजत नसे, कारण वाफ. पाहुण्याला पाणी बाहेर गॅलरीत मिळे, आणि तोंड पुसल्याशिवाय आत प्रवेश नसे. औषधांच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या तो साऱ्या चाळीतून मागून आणी. एकदा माझी मेहुणी न्हाऊन आत येऊ लागली तर हा ओरडला, "अगं, दारातच थांब, क्षार उघडा आहे!"

"मग क्षाराशीच लग्न करायचं होतं," ती म्हणाली आणि तिथेच उभं राहून तिने केस झटकले. साडूचा तो सगळा दिवस फुकट.

गिरणी काही उघडली नाही. खूप खेटे घातल्यावर एका बॅटरी कारखान्याचे साहेब नमुना पाहायला तयार झाले. पसंत पडला तर याला तिथे नोकरी. मी दादरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. द्रवासाठी कोरडी बाटली माझ्याकडून यायची होती. "दिवसभर ओव्हनमध्ये ठेवा हं," त्याने चार वेळा बजावलं. मी ठेवलीही. पण निघताना तिच्या तळाशी धुळीचा कण दिसला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी ती डिस्टिल्ड वॉटरने विसळली, फडक्याने पुसली आणि नेऊन दिली. डिस्टिल्ड वॉटरला आम्ही लॅबवाले पाणी समजतच नसू.

साहेबांपुढे बॅटरीला जोडलेला दिवा लागला. साडूने माझा दंड घट्ट धरला. मग बॅटरी फुगू लागली आणि दिवा विझला. "छंद म्हणून चांगलं आहे," साहेब म्हणाले.

कारखान्याचा जिना उतरताना तो म्हणाला, "प्रमाण चुकलं हो माझं."

बाटली मला तेव्हाच आठवली होती. मी म्हणालो, "चला, चहा घेऊ."

पुढे तो एका इमारतीचा वॉचमन झाला, पण ते प्रमाण त्याने सोडलं नाही. शिवाजी पार्कला फेऱ्या मारताना पुटपुटायचा: क्षार जरा कमी, द्रावक जरा जास्त, छे, उलटं. मी शेजारून चालायचो आणि मान डोलवायचो. तो जाईपर्यंत डोलवत राहिलो.

परवा नायगावला मेहुणीकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. प्रमाण अगदी बरोबर होतं; ओली होती ती माझी बाटली.

ती बराच वेळ मटार सोलत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "आपलंच चुकलं असं समजून गेले हो ते, भावोजी."

आणि थोड्या वेळाने उरलेल्यातल्या अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सारल्या.