टॉप मॉडेल घेऊन ताईला आणायला गेलो

पोरीच्या लग्नाला माझी मोठी बहीण यायला हवी होती, आणि तीही हळदीच्या आधी. आमच्याकडे नवरीला पहिली हळद आत्या लावते. पोरीनं घरात सगळ्यांना बजावूनच ठेवलं होतं, "आत्या आल्याशिवाय मला कोणी हात लावायचा नाही." ताई राहते बपेऱ्याला, तुमसरच्याही पुढे, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. आम्ही जवाहरनगरला. तिला "बसनं ये" म्हणणं शोभलं नसतं. भावानं मुराळी होऊन, म्हणजे स्वतः जाऊन, बहिणीला माहेरी आणायचं असतं. एवढं मला कळत होतं. पुढचं सगळं माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालं.

दारात आमची गाडी उभी होती. लहान, जुनी, पण चालू. बायको म्हणाली, "हीच न्या ना. ताईंचे गुडघे दुखतात, यात त्या आरामात बसतात."

पोरीच्या लग्नात बहीण या डबड्यातून आणू? छे. मी नागपूरला गेलो आणि स्वतः चालवायची, भाड्याची, डोंगर-जंगलात जाणारी फोर बाय फोर घेऊन आलो. टॉप मॉडेल. छताला काच, सीटमधून थंड हवा, आणि गिअरच्या बाजूला एक गोल बटण: चिखल, वाळू, बर्फ. आमच्या जिल्ह्यात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो, तरी मी ते बटण एकदा बर्फावर नेऊन पाहिलंच.

"नंबरप्लेट काळी काहून आहे?" शेजारच्या काकांनी विचारलं.

भाड्याच्या गाडीला तशी असते, हे कोण सांगणार? "टॉप मॉडेलले तशीच येते," मी ठोकून दिलं.

सकाळी निघालो. खड्ड्यांच्या आशेनं निघालो होतो, तर तुमसरपर्यंत रस्ता असा गुळगुळीत, की सायकलवाल्यालाही काही वाटू नये. बटण चिखलावर न्यायला एक डबकं मिळालं नाही.

बपेऱ्याला हॉर्न वाजवला तसे भाऊजी पांढरीफेक विजार घालून बाहेर आले. "काय सालेसाहेब, ट्रक आणला का?"

ताई तयारच होती. नवं लुगडं, हातात पिशवी. गाडीजवळ आली, दार धरलं, पाय उचलला. पाय जेमतेम वीतभर उचलला गेला. पायरी होती तिच्या मांडीपाशी, आणि सीट त्याच्याही वर. भाऊजींनी पाट आणला. पाट पुरेना म्हणून प्लास्टिकचं स्टूल आणलं. ताई स्टुलावर चढली, स्टूल डगमगलं, ती खाली उतरली. एव्हाना अर्धी आळी जमली होती.

"बाबू," ताई म्हणाली, "तू मले न्याले आला का गाडी दाखवाले आला?"

"ताई, थोडा जोर लाव..."

"गुडघ्यात जोर असता त पायीच आलो असतो. जाय तू. हळद तुही बायको लावल."

तिनं पिशवी खाली ठेवली. बहिणीशिवाय परत गेलो तर पोरीला काय सांगणार होतो? गाडी फार उंच होती म्हणून? मग माझं लक्ष घराच्या ओट्याकडे गेलं. कमरेएवढा उंच ओटा, बाजूला ठेंगण्या पायऱ्या. गाडी ओट्याला चिकटवली, की ताई सरळ चालत आत.

मध्ये फक्त तनसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता आणि कडेला शेणाचा उकिरडा. मी रिव्हर्स टाकला. पडद्यावर सुंदर पिवळ्या-हिरव्या रेघा आल्या. चाकं तनसीत शिरली आणि जागेवरच गरगरायला लागली. उकिरड्यातलं जे काही होतं ते भाऊजींच्या विजारीवर गेलं. ते तसेच आत निघून गेले. मग मी ते गोल बटण चिखलावर नेलं. गाडी एकदा गुरगुरली, तनस तुडवत गेली आणि ओट्याला टेकली. ताई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी आत येऊन बसली. आळीनं टाळ्या वाजवल्या. माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू.

थोडं पुढे गेल्यावर ताई चुळबुळ करायला लागली. "सीट वली आहे का रे?"

"वली नाही, आतून थंडी हवा येते."

"कायले येते? बंद कर ते."

बंद करायचं कुठे ते मला सापडलं नाही. बहुतेक त्याच थंडीचा परिणाम असावा, तुमसर ओलांडलं आणि ताई म्हणाली, "बाबू, मले उतराचं आहे."

"आत्ता? कायले?"

"कायले म्हंजे? उतराचं आहे!"

समजलं. पण उतरवू कुठे? ओटा बपेऱ्यालाच राहिला होता. पेट्रोलपंप गेला, सपाट. ढाबा गेला, सपाट. तेवढ्यात एक राइस मिल दिसली. तिथं ट्रकमध्ये पोती भरायचा फलाट होता, बरोबर आमच्या उंचीचा. दोन ट्रकांच्या मध्ये गाडी मागं घेत घेत आडवी फलाटाला लावली.

एक हमाल पुढे आला. "माल काय आहे?"

"बहीण," मी म्हटलं.

ताई फलाटावर उतरली, बाजूच्या उतारानं खाली गेली आणि मिलच्या मोरीचा रस्ता विचारत सुटली. परत आली ती पोत्यांच्या थप्पीला टेकूनच बसली. "आता मी त्यात चढत नाही. मी काय धानाचं पोतं आहो?"

"ताई, फलाट इथंच आहे, फक्त पाय टाकाचा..."

"अन् उतरवशील कुठं? तुह्या घरी आहे का असा ओटा?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या अंगणात वीतभर उंचीचाही ओटा नाही.

बायकोला फोन लावला. सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "कोणती मिल?"

ती आमची लहान गाडी घेऊन आली, तोवर ताईचा हमालांसोबत चहा झाला होता. बायकोनं दार उघडलं, ताई वळली आणि बसली. बस्स. काच खाली करून मला म्हणाली, "ये मग तू मागून." आणि दोघी गेल्या. मला निघायला वेळ लागला, कारण माझ्यापुढे खराच माल भरणं चालू होतं.

आमच्या गल्लीत मांडव घातला होता. लहान गाडी त्याच्या बाजूनं घरापर्यंत गेली होती, माझी शिरेना. पार मेन रोडवर लावून चालत आलो, तर गाणी कानावर आली. पोरगी पाटावर, ताई खुर्चीवर, दोघी कोपरापर्यंत पिवळ्या.

"तुही वाट पाहणार होतो," ताई म्हणाली, "पण तुही पोरगी कोणाचं ऐकते? वाक जरा." मी वाकलो. तिनं दोन्ही गाल माखले, उरलेली हळद सदऱ्याला पुसली, आणि पोरगी हसता हसता पाटावरून कलंडली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ओरडा झाला, "काळ्या प्लेटची गाडी कोणाची आहे? पाण्याचा टँकर अटकून राहिला!" हातानं गाल पुसत मी तसाच पळालो.

लग्न दुसऱ्या दिवशी विहारात लागलं. त्यानंतर नागपूरला गाडी परत द्यायला गेलो. तिथल्या माणसानं गाडीभोवती एक फेरी मारली. बंपरमधून तनस ओढून काढली, पिवळ्या स्टेअरिंगवर बोट फिरवलं.

"ऑफ-रोडिंगला गेले होते का काका?"

"बहिणीला आणायला."

"आली का?"

"आली ना," मी म्हटलं. "दुसऱ्या गाडीत."